चर्चचा सूर्यास्त भिंतीवर: कॅनव्हास घ्यावा की कागद?

फ्रेडरिक चर्च या अमेरिकन चित्रकाराच्या 'ट्वायलाइट इन द विल्डरनेस' या सूर्यास्ताच्या चित्राची छापील प्रत घरात लावायची असेल, तर ऑनलाइन मिळणारा ताणलेला कॅनव्हास घेऊ नका. कागदावर छापून घ्या, आणि फाइल स्वतः निवडा. मी दोन्ही घेतलं, दोन्ही एकाच भिंतीवर लावून पाहिलं, म्हणून एवढं ठामपणे सांगतेय.

पहिली प्रत एका ऑनलाइन दुकानाची. 24 बाय 36 इंच, लाकडी चौकटीवर ताणलेला कॅनव्हास, 169 डॉलर आणि वर 24 डॉलर पाठवणीचे. दुसरी, मूळ चित्र ज्या संग्रहालयात आहे त्याची फाइल उतरवून घेऊन इथल्या एका छपाईवाल्याकडून करून घेतली. 20 बाय 32 इंच, कागदावर, 92 डॉलर, फ्रेम वेगळी. ऑनलाइन दुकानाचं नाव लिहीत नाही. त्यांनी जे केलं तेच इतरही बरेच जण करताना दिसतात, आणि एकट्याला धरून झोडपण्यात अर्थ नाही.

माझं काम रंग जुळवण्याचं आहे. ओहायोत एका रंगाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत मी बसते. दुकानांकडून नमुने येतात, पडद्याचं कापड, जुन्या दाराचा खपला, कुणाच्या आजीची चिनी मातीची बशी, आणि मागणी एकच: हुबेहूब हाच रंग बादलीत भरून द्या. दिवसभर हेच केल्यावर घरातल्या भिंतीवरचं तांबडं कुठे चुकलंय हे न दिसणं मला जमत नाही. तेव्हा हे परीक्षण किरकिरं वाटलं तर वाटू दे.

आधी मूळ चित्राबद्दल, कारण प्रत कशी आहे हे त्याच्याशिवाय कळणार नाही. फ्रेडरिक एडविन चर्चनं ते 1860 साली न्यूयॉर्कमधल्या आपल्या स्टुडिओत रंगवलं. चर्च कनेटिकटमधल्या हार्टफर्डचा, जन्म 1826 चा, आणि हडसन नदीकाठच्या निसर्गचित्रकारांचा आद्य पुरुष मानला जाणाऱ्या टॉमस कोलचा शिष्य. या चित्रामागे मेन राज्यातल्या कटाडिन पर्वताच्या परिसरात केलेली स्केचेस आहेत. म्हणजे डोंगर, पाणी, झाडं तिकडची, पण रचना स्टुडिओत बसून जमवलेली. अमुक जागी उभं राहिलं की हेच दृश्य दिसेल, असं ठिकाण शोधायला जाऊ नये. मूळ चित्र 101.6 बाय 162.6 सेंटिमीटर, इंचात बरोबर 40 बाय 64. 1965 पासून ते क्लीव्हलँड म्युझियम ऑफ आर्टमध्ये आहे.

चित्रात सूर्य नाही. तो नुकताच डोंगरापलीकडे गेलाय. क्षितिजाशी लिंबासारखा स्वच्छ पिवळा पट्टा, त्याच्यावर हिरवटाकडे झुकणारं फिकट निळं, आणि मग वर गडद होत जाणाऱ्या निळ्यावर ढगांच्या लांबच लांब ओळी. ढगांची खालची बाजू पेटलेली, वरची जांभळट राखाडी. मधे पाणी, त्यात वरच्या आभाळाचा मंद झालेला पडसाद. पुढची जमीन, खडक आणि दोन्ही कडांची झाडं जवळजवळ काळी. माणूस नाही, झोपडी नाही, धूर नाही. डावीकडे एका झाडाच्या शेंड्यावर एक पक्षी बसलाय, आणि तिथेच खाली मोडक्या खोडाच्या ढलप्या अशा उभ्या राहिल्यात की काही अभ्यासकांना त्यात क्रूस दिसतो. मला तो दाखवल्यावर दिसला. आपणहून दिसला नसता.

हे चित्र 1860 च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला लोकांसमोर आलं आणि पुढच्या एप्रिलमध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध सुरू झालं. त्यामुळे आभाळातली ही आग येऊ घातलेल्या युद्धाची चाहूल आहे असं पुष्कळदा वाचायला मिळतं. नंतर काय झालं हे माहीत असलेल्यांना आधीच्या सगळ्यातच चाहूल दिसते, असं माझं मत होतं. पण चर्चनंच 1861 मध्ये 'अवर बॅनर इन द स्काय' नावाचं एक छोटं चित्र केलं, त्यात सूर्यास्ताचे लाल-पांढरे ढग आणि निळ्या आभाळातले तारे मिळून चक्क अमेरिकेचा झेंडा होतो. स्वतः चित्रकारच आभाळाला राजकारण बोलायला लावतोय म्हटल्यावर माझा हट्ट मी जरा सैल केला. तरी तो झेंडा मला भडकच वाटतो. 'ट्वायलाइट' त्याच्या कितीतरी पुढचं आहे.

आता माल.

कॅनव्हास आठवड्याच्या आत आला, बांधणी उत्तम, कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे कोन, मागे तार लावलेली. चौकटीचं लाकूड सरळ. इथपर्यंत तक्रार नाही.

पहिली तक्रार मापाची. मूळ चित्राचं प्रमाण 5 ला 8. त्यामुळे 24 इंच उंचीला 38.4 इंच रुंदी लागते. दुकानाकडे चौकटी 24 बाय 36 च्या, म्हणून त्यांनी रुंदीतून 2.4 इंच कापले, दोन्ही बाजूंनी थोडे थोडे. मूळ चित्राच्या हिशेबात हे चार इंच होतात, सहा टक्क्यांहून जास्त चित्र गायब. एखाद्या मोकळ्या समुद्राच्या चित्रात हे चाललंही असतं. इथे दोन्ही कडांची काळी झाडंच आभाळाला धरून ठेवतात, आणि कात्री नेमकी त्यांच्यावर चालली. विक्रीच्या पानावर मात्र 'संपूर्ण चित्र' असं लिहिलेलं होतं, आणि वर जो फोटो होता तो खरोखरच संपूर्ण चित्राचा होता. चौकटीच्या जाडीवर चित्राची कड वळवण्याऐवजी त्यांनी तिथे आरशातल्यासारखी उलटी प्रतिमा छापली. त्यातला तो बरा निर्णय, नाहीतर आणखी दीड-दीड इंच गेला असता.

दुसरी तक्रार त्या 'हाताने केलेल्या फटकाऱ्यां'ची. 30 डॉलर जादा दिले तर छापील कॅनव्हासवर पारदर्शक जेलचे ब्रशचे फटकारे मारून देतात, म्हणजे हात फिरवला की खरं तैलचित्र असल्याचा भास होतो. मी घेतले नाहीत. तुम्हीही घेऊ नका. चर्चची सगळी कारागिरी ब्रशचा माग लपवण्यात आहे. त्याचं 'हार्ट ऑफ द अँडीज' 1859 मध्ये न्यूयॉर्कला मांडलं तेव्हा लोक 25 सेंटचं तिकीट काढून आले, आणि जवळून बारकावे बघता यावेत म्हणून नाटकाला नेतात तसल्या दुर्बिणी डोळ्यांना लावून बसले. अशा माणसाच्या ढगांवर जेलचे जाडे ओरखडे ओढायचे आणि त्याचेच जादा पैसे घ्यायचे, हे डोकं ज्याचं असेल त्यानं मूळ चित्र पाहिलेलं नाही. साध्या कॅनव्हासची वीणसुद्धा या मापात खटकते. दूरच्या डोंगरउतारावरची झाडं इतकी बारीक आहेत की विणीच्या खाचांत ती हरवून जातात.

पण माप आणि वीण मी सोडूनही दिली असती. प्रत फसली ती अंधारात.

बघणाऱ्याला वाटतं, सूर्यास्ताच्या चित्रात छपाईची परीक्षा तांबड्या रंगात होते. मलाही मागवताना काळजी त्या तांबड्याचीच होती. छपाईच्या शाईला नारिंगीकडे झुकणारं तेजस्वी लाल कायमच जड जातं. चर्चच्या काळात कॅडमियमचे पिवळे-नारिंगी रंग नवीन होते, 1840 च्या दशकानंतर ते चित्रकारांच्या हाती येऊ लागले, आणि त्या पिढीच्या चित्रांतली आभाळं एवढी पेटली त्याचं काही श्रेय त्यांना दिलं जातं. कॅडमियमचा लाल मात्र बाजारात आला तो विसाव्या शतकात. चर्चच्या पिढीला लाल हवा तर हिंगूळ किंवा मंजिष्ठेचा पारदर्शक रंग. यातलं काहीही आजच्या प्रिंटरच्या नळकांड्यात नसतं. तिथे गुलाबीसर मजेंटा आणि पिवळा एकमेकांवर पडून लाल बनवतात, बऱ्या यंत्रात जोडीला वेगळा नारिंगी किंवा लाल असतो.

प्रत्यक्षात कॅनव्हासवरचं तांबडं वाईट नव्हतंच. प्रयोगशाळेतल्या यंत्राखाली धरलं तर रंगाची तीव्रता चांगली निघाली. तरी भिंतीवर आभाळ पेटत नव्हतं. सासूबाई तेव्हा आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाल्या, "छान आहे गं, पण हे सकाळचं आहे ना?" मी दिवसभर आकडे बघत बसले होते, त्यांनी एका वाक्यात निकाल लावला.

सकाळचंच होतं ते, कारण पुढची जमीन उजळवलेली होती. संगणकावर सावल्या वर ओढल्या की काळोखातली झुडपं, खडकाच्या भेगा, शेवाळ सगळं दिसायला लागतं, आणि फोनच्या छोट्या पडद्यावर गिऱ्हाइकाला वाटतं, वा, काय तपशील आहे. यंत्रावर उजेडाचं मोजमाप शून्य ते शंभर असतं, शून्य म्हणजे निखळ काळं. या कॅनव्हासवर सगळ्यात गडद जागा 24 वर होती. ती राखाडीच म्हणायची. आता जमीन राखाडी आणि आभाळ लाल असेल तर डोळा त्या लालाला रंगीत कापड समजतो. जमीन काळी असली तरच तो त्याला उजेड समजतो. कागद किंवा कॅनव्हास स्वतः प्रकाश देत नाही. कोऱ्या कागदाहून जास्त उजळ काही छापता येत नाही, वरची मर्यादा तीच. मग हातात उरतं ते खालचं टोक. चर्चनं नेमकं तेच ताणलंय. चित्राचा एवढा मोठा भाग त्यानं जवळजवळ अंधारात घालवला, तो आळस नव्हता. आभाळाला लागणारी सगळी किंमत त्यानं जमिनीकडून वसूल केली आहे, आणि दुकानानं ती जमिनीला परत करून टाकली.

हे कळल्यावर दुसरी प्रत करायचं ठरवलं, आणि इथे क्लीव्हलँडच्या संग्रहालयाचे मनापासून आभार मानायला हवेत. 2019 च्या जानेवारीत त्यांनी आपल्या संग्रहातल्या स्वामित्वहक्क संपलेल्या कलाकृतींच्या प्रतिमा सगळ्यांसाठी खुल्या केल्या. पैसे लागत नाहीत, परवानगी लागत नाही, छापून विकल्या तरी चालतात. ऑनलाइन दुकानं जी फाइल छापून विकतात ती बहुधा हीच, फक्त मधे कुणीतरी हात फिरवलेला असतो. तेव्हा 169 डॉलर चित्राचे नसतातच. ते लाकूड, कापड, शाई आणि त्या फिरवलेल्या हाताचे असतात. संकेतस्थळावर दोन आकार मिळतात. मोठी टिफ फाइल घ्या, जेपेग नको.

कागद निवडताना मी तीन नमुने मागवले. मॅट सुती कागद दिसायला सगळ्यात देखणा, हाताला तर फारच, पण त्याचं काळं 17 च्या खाली जाईना. हा कागदाचा दोष नाही, खडबडीत पृष्ठभाग सगळीकडून थोडा थोडा प्रकाश परत फेकतो. बरायटा, म्हणजे जुन्या फोटोंच्या कागदासारखा मंद तकाकीचा, तो 6 वर गेला. मूळ तैलचित्रावर वार्निश असतं, त्यामुळे त्याच्या अंधारालाही अशीच ओली खोली असते. तिसरा कागद छान काळा होता, पण त्यात पांढरेपणा वाढवणारी रसायनं घातलेली. त्यानं क्षितिजाचा तो स्वच्छ पिवळा पट्टा खिडकीच्या उजेडात थंड, आजारी करून टाकला. कागद विकत घेताना 'ब्राइटनर नाहीत' हे लिहून घ्या.

छपाईवाला म्हणजे नोकरी सोडून दोन मोठी यंत्रं घेऊन बसलेला एक गृहस्थ. त्याला सांगितलं, फाइलला हात लावायचा नाही. तो म्हणाला, "मॅडम, पुढचं सगळं काळं येईल." म्हटलं, येऊ द्या. त्यानं आधी चित्राची एक उभी पट्टी, आभाळापासून खडकांपर्यंत, 15 डॉलरला छापून दिली. हा खर्च टाळू नका. पट्टीवरून दिसलं की पाण्याच्या कडेचा काळोख एकसंध गोळा होतोय, तेवढा त्यानं शाईच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे कुठे किती शाई पडावी हे ठरवणाऱ्या यंत्राच्या मांडणीत, सुटा केला.

ती पट्टी वहीत घालून मी संग्रहालयात गेले. प्रवेश फुकट, गाडी लावायचे मात्र पैसे पडतात. सोमवारी बंद, बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडं. जाण्यापूर्वी संकेतस्थळावर चित्र मांडलेलं आहे ना हे बघा, अशी चित्रं दुसरीकडे प्रदर्शनांना जात असतात. पट्टी हातात धरून चित्रासमोर उभी राहिले, तर रखवालदारानं सौम्यपणे दोन पावलं मागे व्हायला सांगितलं. बरंच झालं. दोन पावलांवरून पट्टी आणि चित्र एका नजरेत आले. आभाळाचा वरचा निळा माझ्या पट्टीत किंचित जांभळा होता, पिवळा पट्टा जवळपास बरोबर, ढगांचं लाल थोडं कमी पारदर्शक. मूळ चित्रात ते लाल कापडावर बसल्यासारखं वाटत नाही, मागून येतं. पातळ थरांवर थर दिले की असं होतं. शाईचे ठिपके ते कधीच करू शकणार नाहीत, हे मान्य करूनच पैसे मोजावेत. (तिथवर गेलाच आहात तर चोळकालीन नटराज बघितल्याशिवाय परत येऊ नका. माझी संध्याकाळ शेवटी त्याच्यासमोरच गेली.)

20 बाय 32 हे माप मुद्दाम घेतलं, मूळच्या बरोबर निम्मं. काही कापावं लागत नाही. मोठं हवं तर 25 बाय 40 घ्या, प्रमाण तेच राहतं. लहान घेऊ नका, 12 इंच उंचीत तो शेंड्यावरचा पक्षी फक्त एक ठिपका होतो.

भिंतीवर आल्यावर काचेचा प्रश्न उभा राहिला. साध्या काचेत चित्राच्या काळ्या अर्ध्यात मला माझाच सोफा दिसायचा. एवढं गडद चित्र म्हणजे दिवसा आरसाच. प्रतिबिंब मारणारी काच महाग पडते, आमच्या फ्रेमवाल्यानं 110 डॉलर लावले, कागदाच्या छपाईपेक्षा जास्त. पण या चित्रापुरतं तिच्याशिवाय भागत नाही. दिवा 3000 केल्विनचा, म्हणजे जरा पिवळसर उजेडाचा, रंग नीट दाखवणारा, वरून तिरका. पांढऱ्याशार दिव्याखाली पिवळा पट्टा मरतो.

प्रतिकृती लावणं हा चित्रकाराचा अपमान आहे असं आमच्या एका स्नेह्यांचं म्हणणं. चर्चला तसं वाटत नसावं. त्याच्या मोठ्या चित्रांच्या छापील आवृत्त्या त्याच्या हयातीतच विकल्या जात होत्या, आणि तो झेंड्याचा सूर्यास्तसुद्धा रंगीत छपाईतूनच घराघरांत गेला.

शोधताना एक सावधगिरी. 'रानातला सूर्यास्त, रोमँटिक निसर्गचित्र' असलं काही टाकलंत की चर्चसोबत अल्बर्ट बिअरश्टाट येतो, तो ठीक, त्याचं 1868 चं योसेमिटीचं सोनेरी आभाळ ज्याला आवडतं त्याला आवडतं, मला ते जरा पाकात घोळल्यासारखं वाटतं. पण त्यांच्या मधे यंत्रानं, म्हणजे एआयनं, बनवलेली चित्रंही चर्चच्या नावाखाली खपवतात. ओळखायला सोपी आहेत. त्यांत सूर्य स्वतः हजर असतो, पाण्याकाठी हरीण उभं असतं आणि लाकडी घराच्या खिडकीत दिवा लागलेला असतो.

ऑनलाइन दुकानाला मी कापलेल्या कडांचे फोटो आणि त्यांच्याच पानावरचं 'संपूर्ण चित्र' हे वाक्य पाठवलं. उत्तर लगेच आलं, सभ्य होतं. कॅनव्हास परत न मागता त्यांनी अर्धे पैसे परत केले. सावल्यांबद्दल मात्र त्यांचं म्हणणं असं की बहुतेक गिऱ्हाइकांना उजळच आवडतं. खरंही असेल. कॅनव्हास आता सासूबाईंच्या खोलीत आहे, त्यांना सकाळ आवडते. परत आलेल्या पैशांतून काचेचा बराचसा खर्च निघाला.